व्याही आणि हिरवे अंडे

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्या कोणी केली, त्याने डुकराचा खांदा धुरावर शिजवलेला नसणार. सरकारी कामात माणसाला निदान घरी जाऊन झोपता तरी येतं.

आमचे मेव्हणे अटलांटात असतात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनकडच्या मुलाशी. व्याही-विहीण रविवारी एक वाजता जेवायला येणार होते. आता कोल्हापूरच्या माणसाने व्याह्याला तांबडा-पांढरा वाढून गार करावं की नाही? पण मेव्हण्यांच्या अंगात तालीम शिरली. ‘‘दाजी, त्यांना त्यांच्याच आखाड्यात चीत करायचं!’’ लेक्सिंग्टन हे गावच मुळी निखाऱ्यावर तासन्‌तास शिजवलेल्या डुकराच्या खांद्यासाठी प्रसिद्ध. म्हणजे उद्या एखाद्या अटलांटाकराने आपल्याला घरी बोलावून तांबडा रस्सा वाढावा, तशातला हा प्रकार.

बाजारातून आठ-आठ पौंडांचे तीन तुकडे आले. या मालाला तिकडे ‘बॉस्टन बट्‌’ म्हणतात. बट्‌ म्हणजे बूड. माल मात्र खांद्याचा! आमच्या बँकेत असं चुकीच्या खात्यावर नाव टाकलं असतं तर ऑडिटरने मेमो दिला असता.

चूल म्हणजे एक हिरवंगार अवाढव्य अंडं. ‘बिग ग्रीन एग’ हेच तिचं नाव, आणि १९७४ साली तिचा जन्मही अटलांटातलाच. आजोळ मात्र जपानी. तिकडच्या ‘कामादो’चा, म्हणजे चुलीचाच, हा अवतार. जाड सिरॅमिकची भिंत उष्णता धरून ठेवते. खाली एक झडप, वर एक झडप. दोन्ही बोटभर उघड्या ठेवल्या की एका भरण्यात कोळसा रात्रभर पुरतो. निखाऱ्यावर हिकरीच्या लाकडाचे ढलपे, मध्ये आडवी सिरॅमिकची थाळी, म्हणजे जाळ थेट मांसाला लागत नाही, आणि वर जाळी. दोन खांद्यांना मीठ, ब्राऊन शुगर, पाप्रिका असा रीतसर लेप झाला. तिसऱ्याला आमच्या सौ.ने कोल्हापूरहून आणलेला कांदा-लसूण मसाला चोळला. ‘‘दादा, हा घरच्यांसाठी राहू दे,’’ असं म्हणाली. रात्री आठला झाकण पडलं. आतली उष्णता २२५ अंश फॅरनहाइट.

पहाटे चारपर्यंत मांसाचा पारा १६० वर आला आणि तिथेच बसला. पाच वाजले, १६०. सहा, १६०. साडेआठला १६१! फाइल साहेबांच्या टेबलावर गेली की अशीच बसते. मेव्हणे बनियनवर अंड्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. वहिनींनी पिझ्झा मागवण्याचा विषय काढला, तो त्यांच्या नजरेनेच रद्द झाला. मुलगी काही बोलत नव्हती. तिने फक्त दोनदा घड्याळ पाहिलं.

या अडून बसण्याला तिकडे ‘स्टॉल’ म्हणतात, आणि कारण अगदी आपल्या घरचं आहे. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार होतं, त्याच न्यायाने मांस पाझरतं, पाझर वाळतो आणि जेवढी उष्णता आत येते तेवढी बाहेर जाते. उपाय एकच : फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून वाफ कोंडायची. त्याला म्हणतात ‘टेक्सासची कुबडी’.

‘‘कुबडी? व्याह्यांसमोर?’’ मेव्हणे कडाडले. वरची काळी खरपूस साल मऊ पडते, जातिवंत माणूस गुंडाळत नाही, वगैरे.

‘‘दादा, साल महत्त्वाची की पोरीचं सासर?’’ सौ.ने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिन्ही खांदे अळूवडीच्या हाताने गुंडाळले.

मग पारा चढू लागला. १७०, १८५, आणि पावणेबाराला २०३. या उष्णतेला चिवट धागे विरघळून त्यांचा मऊसूत गर होतो. तासभर मुरवल्यावर मेव्हण्यांनी खांद्याचं हाड चिमटीत धरून ओढलं. म्यानातून तलवार निघावी तसं स्वच्छ बाहेर आलं! चोवीस पौंडांचे चौदा उरले होते. चाळीस टक्क्यांहून जास्त घसारा एका रात्रीत. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात असं यंत्र नाही.

व्याही एकला हजर. बरोबर व्हिनेगर-केचपच्या त्यांच्या गावच्या सॉसची बाटली, म्हणजे आपला भरवसा किती ते कळलंच. पहिला घास त्यांनी सॉसशिवाय घेतला. मेव्हण्यांनी श्वास रोखला. व्याही काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हाही बाटलीचं बूच तसंच होतं.

विहीणबाईंनी मात्र तिसऱ्या खांद्याचा शोध लावला. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि हात थांबेना. निघताना उरलेलं डब्यात भरून मागितलं. सौ.ने स्टीलचा डबा काठोकाठ भरला आणि भाचीला बजावलं, ‘‘त्यांना नीट समजावून सांग, आपल्यात डबा रिकामा परत येत नाही.’’

पंधरा दिवसांनी डबा आला. आत पीच पाय होता आणि एक चिठ्ठी : मसाला कुठे मिळतो?