अब्बांची ड्युटी कोणाची?

मेंदूला जबर मार लागलेला माणूस ‘बरा झाला’ असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोडलेलं हाड असतं. प्लास्टर निघालं, माणूस चालू लागला, झालं. डोक्याच्या दुखापतीचं तसं नसतं. आमच्या घरात तीन वर्षांपासून अब्बा बरे होत आहेत, आणि अजून होतच आहेत.

अब्बा वर्सोव्याच्या बंदरावर पस्तीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. 2022च्या पावसाळ्यात इशाची नमाज पढून परतताना एका मोटरसायकलने त्यांना उडवलं. डॉक्टर म्हणाले, ग्लासगो स्केलवर 6. हे मोजमाप 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बसवलं. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यांना त्यात गुण देतात. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला 15, सर्वांत कमी 3, आणि 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर दुखापत. शिक्षकाच्या घरात गुणांची भाषा लगेच कळते, त्याचा उपयोग मात्र एवढाच. शस्त्रक्रिया झाली, साकळलेलं रक्त काढलं, आणि एकोणिसाव्या दिवशी अब्बांनी डोळे उघडले. अल्हम्दुलिल्लाह.

समोर अम्मी उभ्या होत्या, पण त्यांचं नाव अब्बांना सांगता येईना. पाणी हवं असलं की ‘पाना’ मागायचे, इंजिनाचा पाना. मात्र भाईजानांनी उशाशी सूरह फातिहा सुरू केली, तर अब्बांनी ती शेवटपर्यंत म्हटली. खाला रडू लागल्या. मोहल्ल्यात करामतीची चर्चा झाली. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं की, लहानपणापासून हजारो वेळा जिभेवर फिरलेले शब्द, म्हणजे आकडे, सलाम, दुआ, हे पुष्कळदा शाबूत राहतात. कारण त्यात नवं वाक्य जुळवावं लागत नाही. आम्हाला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही. ज्याने जीभ दिली त्यानेच मेंदूची ही रचना केली.

पुढे आणखी एक नवल झालं. घरची उर्दू अडखळत असताना बंदरावरची मराठी आधी मोकळी झाली. कोळीवाड्यातले जुने सोबती आले की अब्बा त्यांच्याशी दोन-चार वाक्यं सरळ बोलायचे. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत कोणती आधी परतेल, याचा ठरलेला नियम नाही, म्हणे. त्यामुळे काही महिने आमच्या घरात अम्मीसुद्धा अब्बांशी मराठीत बोलत होत्या, आणि त्यांची मराठी ऐकून अब्बा हसायचे.

हसणं कमी, राग जास्त. ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात आवाज चढवला नव्हता, तो चहा गरम नाही म्हणून कप फेकू लागला. ‘कोणी काही करणी केली असेल, अमक्या बाबाकडे न्या,’ असे सल्ले आले. आम्ही नेलं नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो. तिथे इजा झाली की लगाम सुटतो. 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण हा पूर्वीचा गेज नाही, असं त्याचे सोबती म्हणू लागले. अम्मींना ही हकिकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे हे मला रागावत नाहीत.”

त्या दिवसांत अम्मींचं ब्लडप्रेशर सारखं वाढत होतं. आमच्या काळजीचा खरा विषय तिथून बदलला.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. 2011च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे इच्छामरणाच्या चर्चेत त्यांचं नाव येतं. आम्हाला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. परिचारिकांची एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, आणि जवळपास 42 वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं चालू राहिलं. सेवा ड्युटीने वाटलेली होती, म्हणून टिकली. घरात ड्युटी नसते. घरात अम्मी असतात.

म्हणून शाळेच्या वेळापत्रकासारखा एक तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लागला. अंघोळ आणि कपडे बदलणं मुलांकडे. बाप आपला, तर ते सुनेचं काम कसं? हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत न्यायचं काम आळीपाळीने: मेट्रोने अंधेरी, तिथून स्लो लोकलने महालक्ष्मी, पुढे टॅक्सी. अर्धा दिवस जातो. इशा घरीच, जमातीने. एकट्याने पढताना अब्बा रकअती विसरतात आणि चिडतात; भाईजान इमाम झाले की मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

इयादतीविषयीही सांगायला हवं. आजाऱ्याला भेटणं सुन्नत आहे, पण दहा माणसं एकदम बोलू लागली की जखमी मेंदू थकतो, आणि त्याचा हिशेब संध्याकाळी घरच्यांना चुकवावा लागतो. दोघांनी यावं, दहा मिनिटं बसावं. आणि कृपा करून “ओळखलंत का मला?” ही तोंडी परीक्षा घेऊ नये. स्वतःचं नाव सांगून सलाम करावा. वाटल्यास अम्मींना बाजारात नेऊन आणावं, ही त्याहून चांगली इयादत.

शनिवारची दुपार तक्त्यात अम्मींची आहे. जोहरनंतर त्या मेट्रोने घाटकोपरला खालांकडे जातात, मगरिबपर्यंत परततात. सुरुवातीला जायला तयारच नव्हत्या. त्या गेल्या की अब्बा दर थोड्या वेळाने विचारतात, “ती कुठंय?” आम्ही सांगतो, घाटकोपरला. पुन्हा विचारतात, पुन्हा सांगतो. गेल्या शनिवारी चौथ्यांदा विचारून ते थांबले, दाराकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाले, “घाटकोपर. येईल.”