हजेरी
माझे व्याख्यान एकाच वेळी सहा वर्गांत दाखवायचे ठरले. तंत्रज्ञ तरुणाने स्विचवर मल्टिकास्टचा मार्ग मोकळा केला. 239 ने सुरू होणाऱ्या एका पत्त्यावर चित्र एकदाच सोडायचे. फाटा फुटेल तिथेच स्विच प्रती काढतो! ही काटकसर स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 साली नियमांत बांधली.

मला भावली ती हजेरी. साधारण दर 125 सेकंदांनी राउटर विचारतो, ‘कोणी ऐकतंय का?’ पूर्वी एकाने ‘हजर’ म्हटले की बाकीचे गप्प. आयजीएमपीच्या 2002 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ज्याचे त्याने सांगायचे. (प्रॉक्सीची सोय गेली म्हणायची!) काही वेळ उत्तरच आले नाही, की त्या वर्गाचा प्रवाह बंद.

पाचव्या वर्गाचे चित्र थांबल्याचे त्याने खुणेने सांगितले, तेव्हा मी केशवसुतांवर बोलत होतो. बोलतच राहिलो.