होडीचे पांघरूण

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून बहुधा वसतिगृहाच्या आणि गुरुजनांच्या आठवणी अपेक्षित असतात. त्या इतर बंधुभगिनींनी आमच्याहून समर्थपणे लिहिल्या असतीलच. आम्ही येथे एका साध्या व्यावहारिक प्रश्नाविषयी लिहीत आहोत: शिडाच्या छोट्या होडीला पावसाळ्यात कोणते पांघरूण घालावे?

एकाच तुकडीतील आम्ही सहा जण नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत स्थिरावलो. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या नौदल शाखेमुळे आमच्यापैकी दोघांना शीड हाताळता येऊ लागले होते; उरलेले चौघे त्यांच्याकडून शिकले. आमच्या वाडवडिलांपैकी कोणी हौसेखातर समुद्रावर गेल्याचे ऐकिवात नाही. तरीही वर्गणी काढून आम्ही 'एंटरप्राइज' जातीची एक जुनी होडी विकत घेतली. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली आखलेली ही होडी सुमारे ४ मीटर लांब असते. आमची होडी मरीन प्लायवुडची आहे. ऑक्टोबर ते मे या काळात दर रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेची मुले तिच्यावर शिकतात. पालक आपली मुले विश्वासाने आमच्या हाती सोपवतात. लाकूड आतून कुजू लागले तरी वरचा रंग बरेच दिवस शाबूत दिसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पांघरुणाचा प्रश्न किरकोळ राहत नाही.

लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी अधिक बाधते. खारटपणा कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. गोडे पाणी मात्र फटीत मुरले की तिला आयतेच घर मिळते. आणि मुंबईचा पाऊस काय असतो, हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जागेवर ९४४ लिटर पाणी. असा दिवस नेहमी उगवत नाही, पण पांघरूण निवडताना तो विसरूनही चालत नाही.

म्हणून आम्ही कापडाआधी आकाराचा विचार केला. होडीवर सपाट ताणलेले पांघरूण पहिल्या जोरदार सरीनंतर मध्ये खचते. एक चौरस मीटरच्या खळग्यात ५ सेंटीमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन ५० किलो भरते. कापड आणखी ताणते, खळगा खोल होतो आणि अखेरीस शिवण उसवते. यावर उपाय आपल्या घरांनीच शिकवला आहे. मधोमध आढे घालावे आणि दोन्ही बाजूंना उतार द्यावा. डोलकाठी उतरवल्यावर आम्ही होडीच्या लांबीत एक बांबू टेकूंवर बसवतो. पांघरूण त्यावरून दोन्ही काठांच्या खालपर्यंत उतरते.

कापडाबाबत आमच्यात बराच मतभेद झाला. निळी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त, पण उन्हाने तिचे तंतू लवकर ठिसूळ होतात. सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगून पाणी अडवतो आणि हवाही खेळू देतो. मात्र चार महिन्यांच्या दमटपणात त्यालाच बुरशी लागते. पीव्हीसीचा लेप दिलेले कापड मजबूत आणि जलरोधक. पण आतली वाफ त्यातून बाहेर पडत नाही. धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक कापड ऊन सोसते आणि वाफही सोडते. मात्र ते महाग असते आणि घासणीला कच्चे पडते.

'पाणी आत येता कामा नये, मग पीव्हीसीच घ्यावे' असा आमच्यापैकी तिघांचा आग्रह होता. तेव्हा वसतिगृहातल्या दिवसांची आठवण निघाली. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेऊन आपण शेतांच्या बांधावरून येत असू, तेव्हा पाऊस बाहेर राही आणि अंग घामाने आतूनच भिजे. घोंगडी पांघरणारा गुराखी किंवा इरले घेतलेली लावणीवाली बाई मात्र त्याच पावसात मोकळी वावरत असे. कोकणातही किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या झावळ्यांनी शाकारतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात अशा छपराखाली सरी निथळून जातात आणि लाकडाला वाराही मिळतो. या चर्चेनंतर आम्ही ॲक्रिलिक कापडावर एकमत केले. महागाईची तक्रार उरली होती. पण कुजलेला तळ बदलण्याचा खर्च मांडून पाहिल्यावर तीही मिटली.

शिवणकाम ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका वयस्कर कारागिराने केले. मापे घेण्यापूर्वी त्यांनी विचारले, "दादा, पाणी जाणार कुठून आणि हवा येणार कुठून, ते आधी सांगा." त्यांनी दोन्ही टोकांना, उताराच्या आडोशाला जाळीदार झरोके ठेवले. आढ्याशी आणि काठाशी, जिथे कापड घासते, तिथे दुहेरी पट्ट्या लावल्या. शिवणीला सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा दोरा वापरला. पांघरूण फडफडले तर रंगावर कानशीप्रमाणे चालते, म्हणून होडीच्या तळाखालून तीन पट्टे घेऊन ते घट्ट आवळले आहेत. होडी स्वतः जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेली असते, कारण उंच आढ्यावर वारा भरतो.

आत आम्ही काहीच ठेवत नाही. शिडे, दोर आणि हवेच्या पिशव्या घरी नेतो. तळाचे बूच काढून ठेवतो आणि होडीचे पुढचे टोक किंचित उचलतो, म्हणजे चुकून शिरलेले पाणीही मागच्या बाजूने वाहून जाते. उघडीप मिळाली की पांघरूण काढून लाकडाला वारा देतो, सांध्यांवर बोट फिरवून ओल तपासतो आणि वहीत नोंद करतो.

या कामाच्या पाळ्या पहिल्या वर्षी आम्ही सहा जणांनीच वाटून घेतल्या होत्या. यंदाच्या वहीत आमच्या प्रत्येकाच्या नावापुढे अभ्यासिकेतल्या एका मुलाचे किंवा मुलीचे नाव आहे. जुलैतील एका पानावर अशीच एका मुलीने केलेली नोंद आहे: 'डाव्या काठाची पट्टी सैल, पुन्हा आवळली. आत कोरडे.'