चुकलेल्या रंगाचे डबे

चारकोपला आमच्या सेक्टरच्या नाक्यावर रंगाचं एक दुकान आहे. पुट्टीच्या पोत्यांमागे तिथे काही डबे वेगळे ठेवलेले असतात. झाकणावर रंगाचा एक ठिपका आणि मार्करने लिहिलेली किंमत. मशीनवर भलतीच शेड बनली किंवा गिऱ्हाइकाने ‘हा नव्हे’ म्हणून परत केला, असे हे डबे. एकदा बेसमध्ये रंग पडला की तो काढता येत नाही, फार तर आणखी गडद करता येतो. म्हणून ते निम्म्या भावात मिळतात.

मी त्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक. पोटमाळ्यावर प्लायवूडच्या फळीवर मी आणि माझी लेक लोकलचा मार्ग उभारतोय. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि हे वेड लागलं. तिथलंच १:८७ हे प्रमाण आम्ही घेतलं. या मापाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे खरं तर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त हवं. आमची लोकल मुळातच जरा चुकलेली.

लोकलला मात्र हा रंग लावायचा नाही. भिंतीचं इमल्शन जाड असतं, दारं-खिडक्यांच्या बारीक रेषा बुजून जातात. ते कामाला येतं जमिनीसाठी. माती, डोंगर, नाल्याची भिंत, खाडीचा चिखल. पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. पहिला डोंगर मी ऑइल पेंटने रंगवला होता. पॅकिंगमधला थर्माकोल होता, थिनरने तो माझ्या डोळ्यांसमोर विरघळला. पाण्याचं इमल्शन थर्माकोलला काही करत नाही.

एका रविवारी मी मातकट पिवळ्या रंगाचा लिटरभराचा डबा घासाघीस करून आणखी पन्नास रुपये पाडून आणला आणि कौतुकाने अब्बांना दाखवला. अब्बांनी झाकणावरचा ठिपका बोटाने चाचपला. म्हणाले, “कुणाचे कापले?”

मला कळेना. अब्बा रंगारी. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपला प्लॉट पाडले, लोक आपापली घरं बांधू लागले, तेव्हा अब्बांना इथे भरपूर काम होतं. तेव्हा मशीन नव्हतं. पांढऱ्यात स्टेनर टाकायचा, काठीने ढवळायचं, भिंतीवर हातभर लावून वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा नसतो. एकदा घरमालकाने घाई केली, अब्बांनी ओल्यावरच अंदाज बांधला आणि शेड चुकली. ठेकेदाराने सहा दिवसांची मजुरी कापली. उरलेला रंग अब्बा घरी घेऊन आले.

आमच्या खोलीच्या चार भिंती चार रंगांच्या का होत्या, ते मला त्या दिवशी समजलं. शाळेतला एक मित्र त्यावर हसला होता. त्यानंतर मी कुणाला घरी बोलावलं नाही, ईदलाही नाही. अम्मीने दोनदा विचारलं होतं, मी काहीतरी सांगून टाळलं.

पुढच्या खेपेला मी दुकानातल्या मशीनवरच्या पोराला विचारलं, चुकलं तर कोण भरतं? त्याने आधी मालकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “अर्धे माझे. हा विकला गेला की तेवढे परत मिळतात.”

मी डब्यावर लिहिलेली किंमत दिली.

आता अब्बा असरची नमाज झाली की पोटमाळ्यावर येतात. हात थरथरतो, म्हणून ब्रश नातीच्या हातात असतो. परवा ती घाईने दुसरा हात द्यायला निघाली, तर अब्बांनी तिचं मनगट धरलं.

“थांब बेटा. वाळू दे. मग बघू कुठला रंग आहे ते.”