पायांचं पाणी

रात्री सगळ्यांचे पाय धुऊन झाले, की ते पाणी घरात ठेवायचं नाही. आयर्लंडच्या खेड्यांत ही शिस्त फार कडक होती. कुणीतरी उठायचं, दार उघडायचं, अंधाराला मोठ्यानं सावध करायचं आणि मग पाणी फेकायचं. बाहेरून ‘भली माणसं’ जात असली तर? पऱ्यांचं नावसुद्धा थेट घ्यायचं नाही, इतका त्यांचा वचक. लेडी वाइल्ड यांनी १८८७ साली छापलेल्या एका कथेत चेटकिणी दाराबाहेरून पायांच्या पाण्यालाच हाक मारतात, दार उघड म्हणून. घरधनिणीनं ते आधीच उंबऱ्याबाहेर शिंपडलेलं असतं, म्हणून घर वाचतं. मला ही भीती खुळी वाटत नाही. दिवसभराची वाट, शेण, चिखल त्या पाण्यात उतरलेला असतो. बाहेरचं ते बाहेर गेलंच पाहिजे.

वाट तरी केवढी! मुलं उन्हाळाभर अनवाणी. काटा खोल रुतला तर वाळवलेली कोल्ह्याची जीभ त्यावर बांधत. बायका चर्चला निघायच्या त्या बूट हातात घेऊन, आणि चर्च जवळ आलं की पाय पुसून चढवायच्या. चामडं महाग होतं, कातडी आपली होती.

माझं मन मात्र आयर्लंडच्याच ॲरन बेटांवरच्या पॅम्पूटीत अडकतं. गाईच्या कच्च्या कातड्याचा एक तुकडा, केस बाहेर, बोटांशी आणि टाचेशी मासेमारीच्या दोरीनं आवळलेला. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग तिथे राहायला गेले, तेव्हा चुनखडीच्या धारदार खडकांनी त्यांचे बूट फाडले आणि यजमानांनी त्यांना पॅम्पूट्या करून दिल्या. हे कातडं वाळलं की कडक होऊन पायाला कापतं. म्हणून रात्री ते पाण्यात ठेवायचं, दिवसा लाटेत पाय बुडवून यायचं. टाचेवर रेटून चालायची शहरी सवय मग आपोआप सुटते. बोटं खडक धरायला शिकतात. सिंग यांनी हे फार मनापासून लिहिलं आहे.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी विचारून लिहायला लावल्या. नेमून दिलेल्या विषयांत पायांची निगाही होती. राजे आणि लढायांच्या बरोबरीनं अनवाणी पाय नोंदवावेत, असं वाटणाऱ्या त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. मुलांच्या हस्ताक्षरातली ती पानं आता इंटरनेटवर सर्वांना खुली आहेत. सवड काढून अवश्य वाचा.