कर्ण्यापासून पंधरा फुटांवर

मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर चार कार्यकर्ते माझ्या घरी चहाला आले. मी मोबाइलवर किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ सालची एक तबकडी लावून ठेवली होती. एकाने मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "सर, स्पीकर फाटलाय का?" सगळे हसले, मीही हसलो. दुसरा जरा अभ्यासू आहे. तो म्हणाला, "ऐतिहासिक महत्त्व आहे, मान्य. पण ऐकवत नाही."

पहिल्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्याचं लागलं. 'ऐतिहासिक महत्त्व आहे' असं म्हणून आपण एखाद्या गोष्टीला हार घालतो आणि लगेच तिच्याकडे पाठ फिरवतो. आपल्या जलशांबद्दल आणि शाहिरांबद्दल हेच वाक्य मी कितीतरी व्यासपीठांवरून ऐकलं आहे. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच की मायक्रोफोन येण्याच्या आधी ध्वनिमुद्रित झालेले हे काळ्या माणसांचे जॅझ वाद्यवृंद आजही संगीत म्हणून, आनंदासाठी ऐकता येतात. त्यासाठी कान थोडा राबवावा लागतो, आणि तो राबवायला आपण का तयार होत नाही, हा प्रश्न फक्त संगीताचा नाही.

मी संगीतातला जाणकार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लग्नाच्या बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवायचे. त्यामुळे कुठलाही वाद्यमेळ कानावर पडला की माझा कान आधी क्लॅरोनेट शोधतो. जॅझकडे मी त्याच वाटेने गेलो.

आधी हे ध्वनिमुद्रण व्हायचं कसं ते पाहू. खोलीत एक मोठा कर्णा असायचा. त्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. वाजवणाऱ्याच्या फुंकरीने हवा हलायची, हवेने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. वीज नाही, आवाज वाढवायची सोय नाही, नंतर दुरुस्ती नाही. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा लहान ठेवायचा हे ठरवायचा एकच मार्ग होता : कोणाला कर्ण्याजवळ उभं करायचं आणि कोणाला लांब. मोठा ढोल वाजवला तर सुई उडायची, म्हणून ढोल बाहेर. खर्जाचे सूर नीट उमटायचेच नाहीत. म्हणून या तबकड्यांत बेबी डॉड्ससारखा जबरदस्त ढोलकिया बिचारा लाकडी ठोकळे टकटक वाजवताना ऐकू येतो. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या बड्या कंपन्यांनी विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि हा कर्ण्याचा जमाना मावळू लागला.

आता ऑलिव्हरच्या बँडकडे येतो. ५ आणि ६ एप्रिल १९२३. शिकागोतला हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत आला. स्टुडिओ पियानोच्या कारखान्याच्या आवारात, शेजारी रेल्वेचे रूळ. गाडी आली की काम थांबवायचं. जो ऑलिव्हर पहिला कॉर्नेट, दुसरा कॉर्नेट एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, क्लॅरोनेट जॉनी डॉड्स, ट्रॉम्बोन ऑनोरे डुट्रे, बँजो बिल जॉन्सन, पियानोवर लिल हार्डिन. या लिल हार्डिनने पुढे सांगितलं आहे की आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दांडगा होता की त्याच्यापुढे ऑलिव्हर ऐकूच येईना. म्हणून त्याला बारा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात उभं केलं. तिला तो तिथे एकटा, उदास दिसला.

ही गोष्ट जॅझच्या पुस्तकांत गमतीदार किस्सा म्हणून येते. मी तबकडी ऐकतो तेव्हा ती मला कानाने मोजता येणारी गोष्ट वाटते. 'चाइम्स ब्लूज' लावा. लिल हार्डिन पियानोवर घंटांचा भास करते. त्यानंतर आर्मस्ट्राँग एकटा वाजवतो, त्याचं तबकडीवर उतरलेलं हे पहिलं एकलवादन. चाल साधीच आहे, फार करामती नाहीत. पण प्रत्येक सूर असा ठाम पडतो की जुन्या मेणालाही तो नाकारता आलेला नाही. 'डिपरमाउथ ब्लूज'मध्ये उलटं. तिथे राजा ऑलिव्हर आहे. कॉर्नेटच्या तोंडावर झाकण धरून-उघडून तो वाद्याला बोलायला, कुरकुरायला, रडायला लावतो. त्याच्या आधी डॉड्सचं क्लॅरोनेट येतं तेव्हा बाकीचे फक्त मोजके ठोके देतात आणि तो मोकळ्या जागेत धावतो. माझं सगळ्यात आवडतं मात्र 'स्नेक रॅग'. त्यात मधेच सगळा बँड थांबतो आणि दोन कॉर्नेट जोडीने एकच तान मारतात. बघणाऱ्यांना वाटायचं हे आयत्या वेळी सुचलंय, मग दोघांना एकच गोष्ट कशी सुचते? ऑलिव्हर पुढची तान हळूच इशाऱ्याने सांगायचा आणि आर्मस्ट्राँग ती झेलायचा. उस्तादाने शागिर्दाला शिकवायची ही भर चौकातली पद्धत अण्णांच्या बँडमध्येही होती, फक्त तिथे शिव्याही असायच्या.

ऐकायचं कसं? मी सांगतो तसं करून बघा. पहिल्यांदा फक्त क्लॅरोनेटच्या मागे जा. दुसऱ्यांदा ट्रॉम्बोनच्या. तिसऱ्यांदा दोन कॉर्नेट वेगळे काढायचा प्रयत्न करा, जमणार नाही, पण करा. चौथ्यांदा खरखर आपोआप मागे जाते, पावसात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं समजावं तसं. आणि कृपा करून संगणकावर फार धुऊन काढलेल्या आवृत्त्या घेऊ नका. खरखर पुसताना सुराची धारही पुसली जाते. अण्णांच्या सुरात जी थोडी खरबरीत कड होती, ती डॉड्सच्या सुरात मला न धुतलेल्या तबकडीवरच भेटते.

आता मुद्द्यावर. जॅझची पहिली तबकडी कोणाची असं विचारलं तर उत्तर येतं : ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड, २६ फेब्रुवारी १९१७, व्हिक्टर कंपनी. पाचही जण गोरे. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत जे संगीत वर्षानुवर्षं वाजत होतं त्याची पहिली पावती यांच्या नावावर फाटली. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्यांचा कॉर्नेटवाला निक लारोका पुढे आयुष्यभर सांगत राहिला की जॅझ आम्हीच शोधलं, काळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्याची नोंद पहिली तो जनक! आपल्याला हा युक्तिवाद अनोळखी नाही. पोथी ज्याच्या हातात, तो म्हणतो ज्ञान माझं. कर्णा ज्याच्या हातात, तो म्हणतो सूर माझा.

आणि कर्णा हातात असणारे कोण होते? १९२० च्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लॅनचा प्रचंड जोर होता. जेनेट कंपनी पैसे घेऊन क्लॅनच्या गाण्यांच्याही तबकड्या काढून देत होती. म्हणजे ज्या कारखान्यात ऑलिव्हरच्या तबकड्या दाबल्या जात, त्याच कारखान्यात त्याच्या माणसांना झाडाला लटकवणाऱ्यांची गाणीही दाबली जात. कंपनीला दोन्हीकडचा पैसा सारखाच. म्हणून कोणी मला सांगितलं की या कंपन्यांनी काळ्यांचं संगीत वाचवलं, तर मी नम्रपणे नाही म्हणतो. त्यांनी माल विकला. वाचलं ते मेणात.

यावर उपाय म्हणून आपली कंपनी काढायचा प्रयत्नही झाला. १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक स्वान ही काळ्यांच्या मालकीची तबकडी-कंपनी उभी केली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते, तेच डुबॉइस ज्यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला. संगीताची बाजू फ्लेचर हेंडरसन सांभाळत होता, रसायनशास्त्राचा पदवीधर. कंपनी तीन-चार वर्षांतच बुडाली. आणि कबूल केलं पाहिजे की माल कमी पडल्यावर तिने गोऱ्या बँडच्या तबकड्याही खोट्या नावांनी विकल्या. आपल्या माणसांची संस्था म्हणून ही गोष्ट झाकायचं मला कारण दिसत नाही. हेंडरसनने पुढे स्वतःचा मोठा वाद्यवृंद बांधला, १९२४ च्या शरदात आर्मस्ट्राँगला त्यात बोलावलं, आणि तो ज्या रोझलँड नृत्यगृहात वाजवायचा तिथे नाचायला फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. वाजवायला आत, नाचायला बाहेर. आमच्या बँडला मांडवापर्यंत वाजवत आणायचे आणि जेवायला मांडवामागे बसवायचे.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २९ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांच्या काळ्या वादकांच्या वाद्यवृंदाने व्हिक्टरसाठी तबकड्या केल्या. ते अजून पुरतं जॅझ नाही, पण ढोलकिया बडी गिलमोर काय सुसाट सुटलाय ते ऐकाच. बाबासाहेब त्या हिवाळ्यात त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या तबकड्यांवर कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ मध्ये मुंबईत, ताजमहाल हॉटेलात बँड चालवत होता. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईतच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतः छापून काढलं. यातून मी काही सिद्ध करत नाही. पण ती कर्ण्यातली तबकडी लावली की न्यूयॉर्क मला फार लांब वाटत नाही.

ऑलिव्हरचं पुढे वाईट झालं. हिरड्यांच्या आजाराने दात गेले, वाजवणं सुटलं, बँड मोडला. जॉर्जियातल्या सव्हाना गावी एका पूल हॉलमध्ये झाडलोट करत तो एप्रिल १९३८ मध्ये वारला. पण 'डिपरमाउथ'मधलं त्याचं ते रडणारं कॉर्नेट आहे. पंधरा फुटांवरचा आर्मस्ट्राँगही आहे.

अण्णांचं तसं नाही. त्यांच्या वाजवण्याची एकच निशाणी आमच्याकडे आहे, तालुक्याच्या गावातल्या एका बड्या घरच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. १९९१ ची. वरातीत अण्णा अगदी कॅमेऱ्यासमोर येतात, पाऊण मिनिट. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं पळताहेत. आणि ऐकू येतं सिनेमाचं गाणं. शूटिंगवाल्याने मागाहून बँडचा आवाज काढून त्यावर कॅसेटचं गाणं चढवलं होतं. तेव्हा सगळेच तसं करायचे.

मागच्या दिवाळीत अण्णांच्या बँडमधले ट्रंपेटवाले काका आले होते. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना ते पाऊण मिनिट मोबाइलवर दाखवलं. त्यांनी आधी आवाज बंद करायला लावला. मग मोबाइल डोळ्यांशी धरून अण्णांची बोटं बघत राहिले. परत लाव म्हणाले. परत लाव. तिसऱ्या वेळी मांडीवर ठेका धरून बारीक आवाजात चाल गुणगुणायला लागले, आणि मधेच थांबून हसले.

"हितं बोट घसरलंय बघ तुझ्या बापाचं."