पसायदानाची पट्टी

कीर्तन संपत आलं की राजूरच्या सप्ताहात पेटीवाल्याचं खरं काम सुरू होतं. तोवर बुवा देतील तो सूर धरायचा. गायक आळंदीत तयार झालेले, काळी चारलाही न डगमगणारे. पण पसायदान सगळ्या मांडवाचं. म्हातारे, पोरंसोरं, स्वयंपाकावरून उठून आलेल्या बाया, सगळ्यांनी एकाच चालीत म्हणायचं. बाप्यांना काळी एक सोयीची. तिथे बायकांचा आवाज खाली बसतो, ऐकूच येत नाही. काळी चारला बाया खुलतात, तर बापे वरच्या सुरांवर ओरडतात नाहीतर गुपचूप सप्तक बदलतात. मी पांढरी तीन लावतो. दोन्हीकडून थोडी थोडी कुरकुर आली की पट्टी जमली म्हणायचं.

नऊच ओव्या, ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, तीही आमच्या रतनगडावरून निघालेल्या प्रवरेच्याच काठी. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. दम घ्यायची जागा तीच. तिथे मी बोटं नाचवत नाही, भाता हलका ठेवून नुसता षड्ज धरतो. हृदयनाथांची चाल लताबाईंच्या गळ्यातून घरोघरी गेली, ती सुंदरच. पण ती एका गळ्याची. मांडवात कुणी तिच्यातल्या बारीक जागा घ्यायला लागलं की शेजारचे चार गप्प होतात, आणि मग ते पसायदान राहत नाही, गाण्याचा कार्यक्रम होतो.

मोझार्टचं ‘आव्हे वेरुम कॉर्पुस’ हे चर्चमधलं समूहगीत ऐकताना मला हेवा वाटतो. जून 1791 मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावात, तिथल्या चर्चचं गाणं सांभाळणाऱ्या अँटोन स्टोल या मित्रासाठी त्याने ते लिहिलं. अवघे 46 बार, तीनेक मिनिटांचं काम. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन. ज्याला त्याला आपापल्या उंचीवर वेगळी ओळ. पट्टीचं भांडणच मिटवलं! गाणाऱ्यांना सूचनाही एकच: दबक्या आवाजात. मात्र त्या चार ओळी बसवायला तालमी लागतात. आमच्याकडे आज पहिल्यांदा आलेला पाहुणाही तिसऱ्या ओवीला सामील होतो, हे तिथे जमलं नसतं.

दबक्या आवाजाचं तेवढं मी उचललंय. पसायदानाला टाळ नकोत, पखवाज तर नकोच, असं मंडळात मांडून ठेवलंय. टाळकरी तयार आहेत. पखवाजी अजून कबूल होत नाही.